बर्फाखालचे दगड

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या मंचावरून शाळेच्या यशाची उजळणी व्हावी, अशी रीत आहे आणि ती योग्यच आहे. ते काम या समारंभातील इतर वक्ते समर्थपणे करीत आहेत. म्हणून आजचे भाषण एका दूरच्या विषयाकडे वळते. तो विषय आहे बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाचा, म्हणजे स्कीइंगचा. आणि त्यातही एका लहानशा, दुखऱ्या गोष्टीचा. बर्फाखाली दडलेल्या दगडावर स्की घासली जाते, करकर असा आवाज होतो, आणि तिच्या गुळगुळीत तळावर एक चरा उमटतो. त्या चऱ्याचे काय करायचे, एवढाच आजचा प्रश्न.

मराठी मुलखात बर्फ पडत नाही. तथापि देशभर पसरलेल्या मराठी कुटुंबांतील मुले हिवाळ्याच्या सुटीत औलीला, सोलंगला, गुलमर्गला जाऊ लागली आहेत. त्यामुळे हा विषय आता अगदीच परका राहिलेला नाही.

स्की दिसायला एक साधी लांबट फळी. तिची रचना मात्र सुतार, लोहार आणि रसायनतज्ज्ञ यांनी एकत्र बसून केलेल्या कामासारखी असते. मध्यभागी लाकडाचा गाभा. तो पॉप्लर, ॲश यांसारख्या लाकडांच्या पट्ट्या चिकटवून तयार करतात. गाभ्याच्या वर आणि खाली काचतंतूंचे थर, काही प्रकारांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचेही. सर्वांत खाली पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा तळ असतो आणि त्याची जाडी साधारण १ ते १.५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पुठ्ठ्याएवढी. तळाच्या दोन्ही बाजूंना पोलादाची कड, सुमारे २ मिलिमीटर रुंद. घसरण्याचे काम तळ करतो. वळण्याचे आणि थांबण्याचे काम कड करते. एवढ्या पातळ तळावर आणि एवढ्या बारीक कडेवर विसंबून माणूस डोंगर उतरतो.

आता त्या डोंगराकडे पाहू. गुलमर्गचे कुरण सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, आणि तेथून निघणाऱ्या गंडोलाचा दुसरा टप्पा माणसाला अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो. ही पीर पंजालची रांग. या रांगेत ज्वालामुखीतून आलेला काळा खडक ठिकठिकाणी उघडा पडलेला आहे. भूगर्भशास्त्रात त्याला ‘पंजाल ट्रॅप’ म्हणतात. सह्याद्रीच्या ‘डेक्कन ट्रॅप’ला तो वयाने कितीतरी वडील. औलीच्या बाजूला, गढवालच्या उंच हिमालयात, पट्ट्यापट्ट्यांचा स्फटिकमय खडक आढळतो आणि त्यात गारगोटी भरपूर असते. गारगोटी पोलादापेक्षा कठीण. पोलादाची कड तिच्यावर घासली तर झिजणार आहे पोलादच, हे निसर्गाने आधीच ठरवून ठेवले आहे.

हिवाळ्याच्या आरंभी बर्फाचा थर पातळ असतो. वारा कड्यांवरचा बर्फ उडवून खळग्यांत साठवतो. त्यामुळे उंचवट्यांवर बोटभर बर्फ आणि त्याखाली लगेच खडक, अशी स्थिती होते. वसंतात ऊन लागलेल्या उतारांवर बर्फ वितळून दगड पुन्हा डोके वर काढतात. इंग्रजी बोलणारे स्कीपटू अशा लपलेल्या दगडांना ‘शार्क’ म्हणतात. वरून सारे शुभ्र, सपाट, निरागस. खाली दबा धरून बसलेला दात. कितीही अनुभवी माणूस असो, डोंगरावर वर्षानुवर्षे फिरताना एकही दगड लागला नाही असे होत नाही. ज्याच्या स्कीला कधीच दगड लागलेला नाही, त्याची स्की बहुतेक भिंतीवर टांगलेली असते.

पहिला चरा पडतो तेव्हा नवशिक्याच्या मनात काय होते, हे समजणे कठीण नाही. उत्तम स्कीची जोडी हजारो रुपयांची असते. ती भाड्याने आणलेली असली तर परत करताना दुकानदार तळ उलटा करून पाहणार, ही धास्ती. स्वतःची असली तर ‘आत्ताच घेतली होती’ ही हळहळ. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण त्या दिवसापासून रोलरने दाबून तयार केलेल्या रुंद पट्ट्याच्या मधोमध राहतात, बाजूच्या उताराकडे पाहतही नाहीत, आणि हळूहळू त्यांचा खेळच आखडून जातो. दुसरे काही जण ‘चरा पडलाच आहे, आता काय उरले’ असे म्हणून दगडधोंड्यांवरून बेफिकीर स्की ओढत नेतात आणि महिन्याभरात तिची वाट लावतात. भित्रेपणा आणि बेपर्वाई एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: वस्तू एक तर निष्कलंक असते, नाही तर वाया गेलेली असते. मधली अवस्था त्यांना ठाऊकच नसते.

त्या मधल्या अवस्थेतच या खेळाचा सारा इतिहास घडला आहे. पूर्वीच्या स्की अखंड लाकडाच्या असत. कठीण बर्फावर आणि दगडांवर त्यांच्या कडा गोल होऊन जात आणि मग स्की वळणावर धरत नसे. साल्झबुर्ग परिसरातील रुडॉल्फ लेटनर या गिर्यारोहकाने १९२६ मध्ये पोलादी कडांचा उपाय काढला. त्या कडा आजच्यासारख्या अखंड नव्हत्या. पोलादाचे छोटे छोटे तुकडे एकापुढे एक स्क्रूने लाकडावर बसवलेले असत. दगड लागला की एखादा तुकडा उचकटून निघे. म्हणून त्या काळचे स्कीपटू पाठपिशवीत सुटे तुकडे, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर बाळगत; तुकडा निघाला तर डोंगरावर थांबून नवा बसवत आणि पुढे जात. दगड लागणार हे गृहीत धरूनच ती रचना केलेली होती. पुढे १९५० च्या दशकात पॉलिएथिलीनचे तळ आले, तेही त्यांच्यावरचे चरे त्याच पदार्थाने भरता येतात, हा गुण घेऊन.

ही दुरुस्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण चऱ्यांत सुद्धा प्रकार असतात. तळावर लांबीच्या दिशेने गेलेला बारीक ओरखडा वेग फारसा कमी करत नाही. जाणकार त्याच्याकडे लक्षही देत नाहीत. आडवा गेलेला चरा मात्र घसरताना अडतो. त्याहून खोल खाच पडली तर ती भरावी लागते. पॉलिएथिलीनची कांडी पेटवून तिचे थेंब खाचेत पाडतात. ज्योत लहान आणि निळसर ठेवावी लागते, नाही तर काजळी मिसळून भराव ठिसूळ होतो. थेंब थंड झाले की पोलादी पट्टीने वरचा उंचवटा तासून तळाशी समपातळीत आणतात. मग इस्त्रीने गरम मेण लावतात, थंड झाल्यावर खरवडून काढतात आणि ब्रश फिरवतात. तास-दीड तासाचे काम.

सर्वांत गंभीर जखम ती, जी तळ भेदून थेट गाभ्यापर्यंत जाते. ती दिसायला कधी कधी लहान असते, नखाएवढी. पण तिच्यातून वितळलेल्या बर्फाचे पाणी आत शिरते. लाकूड फुगते, थर सुटू लागतात, आणि बाहेरून चांगली दिसणारी स्की आतून पोकळ होत जाते. अशा जखमेला उशीर चालत नाही. आधी ती पूर्ण वाळवायची, इपॉक्सीने गाभा बंद करायचा, मग वरून तळाचा तुकडा बसवायचा. म्हणजे चऱ्याची लांबी पाहून घाबरायचे नसते. त्याची खोली पाहायची असते. लांबलचक, डोळ्यांत भरणारा ओरखडा पुष्कळदा निरुपद्रवी असतो आणि छोटीशी खाच घातक असते. हा फरक ओळखता येणे म्हणजेच स्की ओळखता येणे.

खेळ परदेशातून आला असला तरी हा विचार मराठी घराला नवा नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेण्याची पद्धत कालपरवापर्यंत घरोघर होती. भांडे वापरले की कल्हई उडणार, हे गृहिणीला ठाऊक असे. म्हणून ती भांडे फडताळात ठेवून देत नसे आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ताकही घालत नसे. कल्हईवाल्याची आरोळी आली की भांडी अंगणात जात. भाता, नवसागराचा धूर, कथलाची कांडी, कापसाचा बोळा, आणि भांडे पुन्हा लखलखीत. जात्याची गोष्ट याच्या पुढची. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला की दळण बारीक पडेनासे होते. मग पाथरवटाकडून त्याला मुद्दाम टाकी लावून घ्यावी लागते. स्कीच्या तळाचेही असेच आहे. तो काचेसारखा गुळगुळीत झाला तर ओल्या बर्फाला चिकटतो. म्हणून कारखान्यात आणि कार्यशाळेत त्याच्यावर दगडी चाकाने अतिसूक्ष्म रेघा कोरतात. निष्कलंक गुळगुळीतपणा हा जसा जात्याचा आदर्श नाही, तसा तो स्कीचाही नाही.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण या सभागृहातील प्रत्येकाने निबंधात कधी ना कधी वापरली असेल. तिचा अर्थ थोर आहे. पण त्या म्हणीतील घाव मूर्ती घडण्यापूर्वीचे आहेत. एकदा देव झाला की त्याला टाकी लागत नाही. तो गाभाऱ्यात बसतो. स्कीला ही सोय नाही. तिचे घाव ती पूर्ण घडल्यानंतर, कामाला लागल्यानंतर सुरू होतात आणि काम चालू आहे तोवर चालूच राहतात. माणसाच्या आयुष्याशी तुलना करायची झाली तर मूर्तीपेक्षा स्की अधिक जवळची आहे.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. चऱ्याचा स्वीकार म्हणजे धोक्याचा स्वीकार नव्हे. दगड जे स्कीला करतो, तेच गुडघ्याला आणि डोक्यालाही करू शकतो. म्हणून पडताना पाय मोकळा करणारी बाइंडिंग वजनाप्रमाणे जुळवलेली हवी, डोक्यावर शिरस्त्राण हवे, आणि बंद केलेल्या उतारावर जायचे नाही हा नियम अढळ हवा. स्कीचा तळ भरून निघतो. त्याच्या भरवशावर हाडे पणाला लावायची नसतात. प्रशिक्षक मुलांना हे पहिल्या दिवशी सांगतात, आणि पालकांनी त्या बाबतीत काटेकोर राहिलेच पाहिजे. मुलाच्या जिवाची काळजी आणि वस्तूच्या चकाकीची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात मात्र त्या पुष्कळदा एकाच सुरात व्यक्त होतात आणि मुलाला त्यातली कोणती खरी, हे कळेनासे होते.

दुसरी मर्यादा निवडीची. शर्यतीत उतरणारा खेळाडू शर्यतीची स्की सरावाला वापरत नाही आणि सरावाची चांगली स्की दगडाळ उतारावर नेत नाही. पुष्कळ स्कीपटू एक जुनी, चरे भरभरून झिजलेली जोडी मोडीत न काढता जपून ठेवतात. हंगामाच्या सुरुवातीला, बर्फ पातळ असताना, तीच वापरतात. तिला ते ‘रॉक स्की’ म्हणतात. जिचे रूप गेले, तिच्याकडे सर्वांत अवघड दिवसांची जबाबदारी येते. नवी जोडी तिच्या आधाराने सुरक्षित राहते. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांची जी जागा असते, तिची आठवण यावी असे हे नाते आहे.

गुलमर्गला हे धडे फार पूर्वीपासून गिरवले जात आहेत. १९४८ मध्ये तेथे भारतीय सैन्याच्या १९ व्या इन्फंट्री डिव्हिजनची स्की शाळा सुरू झाली. तीच पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली. बर्फाच्छादित सीमेवर गस्त घालणाऱ्या जवानाला उतार निवडण्याची चैन नसते. जिथे जायचे तिथे दगड असले तरी जायचे असते. त्याच परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लालम शर्यतीत तो ४५ वा आला; स्लालम शर्यत त्याला पूर्ण करता आली नाही. एक पूर्ण, एक अपूर्ण, असा हिशेब घेऊन तो परतला, आणि देशाने त्याचे कौतुकच केले. ते योग्य होते.

अलीकडे मात्र दगडांची संख्या वाढल्यासारखी भासते. दगड तेच आहेत. त्यांना झाकणारा बर्फ उशिरा येऊ लागला आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा फेब्रुवारीत बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चमध्ये पार पडला. अशा काळात पूर्ण शुभ्र, जाड बर्फाची वाट पाहत बसणाऱ्याचे कित्येक दिवस वाट पाहण्यातच जातील. हवामानाची चिंता करायलाच हवी. पण मधल्या काळात शिकणे थांबवता येत नाही. जुनी जोडी, सावध नजर आणि दुरुस्तीची पेटी एवढ्या बळावर तेथील मुले आहे त्या बर्फावर सराव करतात.

मित्रहो, महाराष्ट्राबाहेर इतकी वर्षे मराठीतून शिकवणाऱ्या संस्थेपुढे हा विषय मांडण्याचे कारण एव्हाना लक्षात आले असेल. येथील मुलांच्या मराठीविषयी एक तक्रार नेहमी कानांवर येते. वाक्यांत हिंदी शब्द येतात. लिंग चुकते. ‘मी जेवलो’ असे म्हणायचे ते ‘मी खाना खाल्ला’ असे म्हटले जाते. सुटीत पुण्याला किंवा नागपूरला गेलेल्या नातवाला सगळ्यांसमोर टोकले जाते, सगळे हसतात, मूल गप्प होते. दुसऱ्या दिवशी ते हिंदीत बोलू लागते, कारण हिंदीत त्याला कोणी हसत नाही.

हा चरा किती खोल आहे, हे तपासायला हवे. ‘खाना खाल्ला’ हा लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा आहे. भाषा वापरात आहे, परक्या प्रदेशाच्या खडकावरून रोज जात आहे, याची ती खूण आहे. त्यानंतर आलेले मौन मात्र गाभ्यापर्यंत गेलेली खाच आहे. ती बाहेरून दिसत नाही, पण तिच्यातून पाणी आत शिरत राहते, आणि वीस वर्षांनी त्या घरात मराठी फक्त लग्नपत्रिकेवर उरते. चुकणारे मराठी बोलू द्यावे. न बोलले जाणारे मराठी कितीही शुद्ध असले तरी ते भिंतीवर टांगलेल्या स्कीसारखे आहे.

याचा अर्थ शुद्धलेखन सोडून द्यावे असा कोणी करू नये. दुरुस्ती हवीच. पण तिची वेळ ठरलेली असते. उतारावर मध्येच उभे राहून कोणी इस्त्रीने मेण लावत नाही. धाव पूर्ण होऊ द्यायची, संध्याकाळी स्की टेबलावर आडवी घ्यायची, दिव्याखाली तिचा तळ पाहायचा आणि जे भरायचे ते भरायचे. मुलाचे वाक्यही आधी पूर्ण होऊ द्यावे. मग रात्री जेवणाच्या पानावर, कोणी हसणार नाही अशा वेळी, ‘जेवलो’ हा शब्द त्याच्या हाती द्यावा. साठ वर्षे या शाळेतील शिक्षकांनी वहीच्या समासात लाल शाईने हेच काम केले आहे, आणि ते संपणारे नाही.

शेवटी त्या दुरुस्तीच्या पेटीतील एका वस्तूविषयी. पोलादी कड वेगाने दगडावर घासली की घर्षणाने ती जागा क्षणात तापते आणि बर्फात तत्क्षणी थंड होते. लोहार तापलेल्या लोखंडाला पाणी देतो, तसाच हा प्रकार. परिणामी तेवढी जागा उरलेल्या कडेपेक्षा कठीण होऊन बसते. साधी कानस तिच्यावरून नुसती सरकते. जोर केला तर कानशीचेच दात बोथट होतात. म्हणून तेथे आधी हिऱ्याच्या बारीक कणांची पट्टी वापरतात. हलक्या हाताने, कडेच्या दिशेने, थोडे पाणी घेऊन ती फिरवली की तो कठीण झालेला भाग निघून जातो. मग कानस नीट चालते आणि धार परत येते. साठ वर्षांच्या उत्सवाला हिऱ्याचे नाव दिले जाते तेव्हा दागिन्यातला हिरा डोळ्यांसमोर येतो. पेटीतल्या या हिऱ्याला चमक नसते आणि त्याची कोणी आरती करत नाही. दगड लागून जे कठीण झाले आहे, ते मऊ हाताने उतरवण्याचे काम मात्र त्याच्याशिवाय होत नाही. शाळेच्या पुढील वाटचालीत असा हिरा माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या प्रत्येक घरात असावा, हीच या प्रसंगी शुभेच्छा.